न्यूट्रिनोवर निपाणीचा हक्क

कणभौतिकीतील प्रयोगशास्त्रज्ञाचे काम म्हणजे जे जवळजवळ कशानेच अडत नाही ते अडवून त्याची नोंद करणे होय. न्यूट्रिनो हा विद्युतभार नसलेला, अत्यल्प वस्तुमानाचा कण अख्खी पृथ्वी सहज ओलांडतो, आणि महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरील कोगनोळी नाक्यावरच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला त्याचा हेवा वाटणे स्वाभाविक आहे. वातावरणात उत्पन्न होणाऱ्या न्यूट्रिनोची नोंद १९६५ मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणीत, सुमारे २.३ किलोमीटर खोलीवर झाली, कारण वरून येणारे म्युऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनची वजनदार भावंडे, तेवढ्या खडकात बहुतेक गाळले जातात, आणि तेथे आडवा धावणारा म्युऑन न्यूट्रिनोनेच खडकात निर्माण केला असे मानता येते. अशा एका आडव्या रेषेची महिनोन्‌महिने वाट पाहणे हे निपाणीच्या वखारीत तंबाखू चाळण्याहून फारसे निराळे नाही, फक्त येथे चाळणीवर बहुधा काहीच उरत नाही.

खाण तेव्हाच्या म्हैसूर, आजच्या कर्नाटक राज्यात आणि संशोधक मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे, त्यामुळे या शोधावर दोन्हीकडून हक्क सांगण्याची सोय कर्नाटकात राहून महाराष्ट्र मागणाऱ्या निपाणीकराइतकी कोणालाच नाही. ओसाका आणि डरहॅम येथील शास्त्रज्ञही त्यात होते, हे प्रस्तुत लेखक व्याख्यानाच्या शेवटी, वेळ उरल्यास, सांगतो. दक्षिण आफ्रिकेतील खाणीत फ्रेडरिक राइन्स यांच्या गटाने अशी पहिली घटना त्याच वर्षी २३ फेब्रुवारीलाच टिपली होती, परंतु त्यांचा निबंध नियतकालिकाकडे पोहोचला २६ जुलैला आणि कोलारचा १२ जुलैला. प्रस्तुत लेखकाच्या मते निर्णायक तारीख अर्थातच कागदाची. हाच लेखक दोन राज्यांच्या सीमाप्रश्नावर बोलताना त्यासाठी नेमलेल्या महाजन आयोगाच्या कागदाला कवडीची किंमत देत नाही आणि प्रत्यक्ष वस्ती कोणाची, एवढेच विचारतो. सुदैवाने दोन्ही विषयांचे श्रोते वेगवेगळे असतात.

कागदावर तारखेबरोबर नावेही असतात. हिग्ज बोसॉन या कणाच्या वस्तुमानावरील २०१५ च्या निबंधाला ५,१५४ लेखक होते आणि त्याच्या ३३ पानांपैकी २४ पाने नावे व संस्था यांनीच भरली होती. कोलारच्या निबंधावर मोजकी नावे आहेत. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या, भाजणाऱ्या उष्म्यात, तो खडक फोडून शास्त्रज्ञांना खाली उतरायला वाट दिली, त्या कामगारांपैकी एकाचेही नाही, आणि हक्क सांगणाऱ्या कोणालाही, प्रस्तुत लेखक धरून, ते कधी खटकले नाही.

खाण २००१ मध्ये बंद पडली, प्रयोग त्याआधीच थांबले होते, आणि तमिळनाडूतील थेनी जिल्ह्यात नियोजित असलेली न्यूट्रिनो वेधशाळा २०१५ मध्ये केंद्राची मंजुरी मिळूनही रखडली. तिच्यासाठी तमिळनाडूशी भांडण्याची प्रस्तुत लेखकाची पूर्ण तयारी आहे. मात्र त्याने कोणत्या राज्यातर्फे भांडावे, याचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात प्रलंबित आहे.