वर्धा रोडचा शाश्वत विकास

संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली १९३ देशांना एका मांडवाखाली बसवून शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टं ठरवली. पहिलंच उद्दिष्ट गरिबी संपवण्याचं, मुदत २०३० पर्यंत. जागतिक बँक, नाणेनिधी आणि चार-दोन नोबेलवाले तेव्हापासून त्यावर डोकं खाजवत बसलेत. नागपूरनं हे काम मार्च २०२३ मध्ये एका मध्यरात्रीत उरकलं. खर्च एका कागदाचा.

जी-२०च्या निमित्तानं सी-२०ची, म्हणजे नागरी संघटनांची, बैठक २० ते २२ मार्चला आपल्याकडे भरणार होती. देशोदेशीचे पाहुणे येणार आणि समता, पर्यावरण, वंचितांचं भलं यांवर बोलणार. अशा वेळी वंचितच गाडीची काच ठोठावू लागला तर चर्चेचा विचका होतो. म्हणून पोलीस आयुक्तांनी कलम १४४ लावून शहरातल्या चौकांत आणि सिग्नलवर भीक मागायला बंदी केली. हे कलम तेव्हा एरवी दंगलीची भीती असली की निघायचं. सिग्नलपाशी कटोरा घेऊन बसणारी म्हातारी नेमकी कोणती दंगल पेटवणार होती, हे विचारायचं नसतं.

मला त्या आदेशातली सगळ्यांत आवडलेली गोष्ट म्हणजे त्याची मुदत. ३० एप्रिलपर्यंत! म्हणजे १ मे उजाडला, झेंडावंदन झालं आणि गरिबी पुन्हा कामावर रुजू. सरकारी सुट्टीच्या दिवशी हजेरी लावणारं इतकं कर्तव्यदक्ष खातं महाराष्ट्रात दुसरं नाही.

झांबिया २०२० मध्ये कर्जाचे हप्ते चुकवून बसला, श्रीलंका आणि घाना २०२२ मध्ये. बिचारे नाणेनिधीच्या दारात ताटकळत राहिले. त्यांना कोणी नागपूरचा पत्ता दिला नाही. आपल्याकडून कलम १४४ची एक झेरॉक्स गेली असती, तर कोलंबोतली हात पसरणारी मंडळी तरी रातोरात नाहीशी झाली असती. हात पसरणाऱ्या सरकारला मात्र ते लावता आलं नसतं, एवढीच पंचाईत.

तर पाहुणे आले आणि त्यांनी विकास पाहिला. तो विमानतळापासून सुरू होतो आणि वर्धा रोडनं सरळ शहरात येतो. भिंती रंगल्या होत्या, खांबांना दिव्यांच्या माळा होत्या, दुभाजकात कुंड्या होत्या. शिवाय तिथला ३.१४ किलोमीटरचा डबलडेकर पूल गिनीज बुकात गेलेला. खाली रस्ता, वर उड्डाणपूल, त्याच्यावर मेट्रो. एकाच रस्त्यावर विकासाचे तीन मजले चढवल्यामुळे बाकीच्या रस्त्यांना तो पुरला नाही, यात महापालिकेचा काय दोष?

कोराडीच्या वीज केंद्राची राख वर्धा रोडवरून दिसत नाही. नाग नदी दिसत नाही, आणि वासही हॉटेलपर्यंत पोचत नाही. ही नदी शहराचं सांडपाणी घेऊन कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि वैनगंगा ते सगळं गोसीखुर्दच्या धरणात नेऊन टाकते. गोसीखुर्दचं भूमिपूजन राजीव गांधींनी १९८८ मध्ये केलं, तेव्हा खर्च होता ३७२ कोटी. पुढे अंदाज अठरा हजार कोटींच्या वर गेला, म्हणजे जवळपास पन्नासपट. उगवत्या अर्थव्यवस्थांचा वाढीचा दर घसरतोय म्हणून जगभर चिंता आहे. त्या अर्थतज्ज्ञांना पवनीला आणून धरणाच्या भिंतीवर उभं करावं. दर कसा राखतात ते कळेल. मध्येच हा प्रकल्प राष्ट्रीयही झाला, त्यामुळे नागपूरकर सकाळी साखळी ओढतो ती आता राष्ट्रकार्यातच जमा होते. नाग नदी स्वच्छ करायची १,९२७ कोटींची योजनाही मंजूर आहे. त्यासाठी जपानकडून कर्ज. आपली घाण, त्यांचं कर्ज. वसुधैव कुटुंबकम आणखी काय असतं?

बैठकीला सहा महिने झाले आणि २३ सप्टेंबरला पहाटे अंबाझरी तलाव भरून वाहिला. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस. चार माणसं गेली. त्यावर विनोद नाही. पण विकास वरून खाली झिरपतो, हा जो सिद्धांत आपण तीस वर्षं ऐकत होतो, तो त्या पहाटे पहिल्यांदा सिद्ध झाला. अंबाझरी लेआउट, डागा लेआउट अशा भल्या वस्त्यांतून झिरपत झिरपत तो मोरभवनच्या बसस्थानकात उतरला आणि एसटीच्या खिडक्यांना लागला. पाण्यानं उत्पन्नाचा दाखला कोणाला मागितला नाही. श्रीमंत देशांनी गरिबांना हवामानाची नुकसानभरपाई द्यावी, हे जगाला २०२२ मध्ये शर्म-अल-शेखला पटलं. आपल्याकडे तलाठी आणि पंचनामा किती आधीपासून आहे! घरटी दहा हजार जाहीर झाले. फ्रिज, सोफा, गादी, दहावीची मार्कशीट, सगळं त्यात बसवायचं.

खरं तर दुसऱ्या देशांनी उचलावी अशी एक गोष्ट नागपुरात आहे. शहराचं सांडपाणी भांडेवाडीला शुद्ध होतं आणि कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांना विकलं जातं. चांगलं पाणी वाचतं, महापालिकेला पैसा मिळतो. उपहासाच्या सदरात असं खरं कौतुक शोभत नाही, पण नाइलाज आहे. अडचण एवढीच की भांडेवाडीला शेजारी कचऱ्याचा डोंगर आहे, आणि भांडेवाडी वर्धा रोडवर नाही.

आमच्या भाजीवाल्या भाऊंकडे यावर तोडगा आहे. ते पारडीहून येतात. १९५३च्या नागपूर करारामुळे हिवाळ्यात विधिमंडळाच्या अधिवेशनासाठी सिव्हिल लाइन्सला रंग लागतो, तो त्यांनी लहानपणापासून पाहिलाय. परवा मेथीची जुडी बांधता बांधता म्हणाले, "पावने बोलवा न भाऊ, कितीबी बोलवा. फक्त या खेपेले त्याइले पारडीवरून आना. दोन दिवस का होईना, आमची नाली तं साफ होईन."

मी म्हटलं, पण तुमच्या रस्त्यावर हॉटेल नाही, पाहुणे उतरतील कुठे?

"उतरू कायले लागते?" भाऊ म्हणाले. "खिडकीतून पाह्यचं अन् पुढे जायचं. आताबी तेच करतेत न?"