आवाज वाढला? काच खाली करा!

गंगाखेडात गाडीचा धूर सगळ्यांना कळतो. सायलेन्सर कुणालाच कळत नाही.

निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे इंधन जास्त जातंय. पांढरा थांबेना आणि वास गोडसर असला, तर कूलंट आत शिरलंय. हे निदान पानटपरीवरही फुकट मिळतं. पण ही तिन्ही दुखणी इंजिनाची. सायलेन्सर सडला तर धूर रंग बदलत नाही, रस्ता बदलतो. मागच्या नळीतून जायचा तो मधेच तुमच्या पायाखालून निघतो.

आणि त्यातला जो भाग जीव घेतो, त्याला रंगच नसतो.

कार्बन मोनॉक्साइड. रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून घट्ट चिकटतो. बंद बाथरूममध्ये गॅस गिझरमुळे माणसं दगावतात, तो हाच वायू. त्या बातम्या वाचून शहाण्यांनी गिझर बाहेर बसवले. गाडीच्या काचा मात्र वरच राहिल्या.

परभणी इथून चाळीसेक किलोमीटर. तेवढ्यात लेकराचं डोकं दुखतं, मळमळतं, ते गळून पडतं. आई म्हणते, गाडी लागली. आवळासुपारी निघते. बऱ्याचदा खरंच गाडीच लागलेली असते. पण एसटीत न लागणारं लेकरू याच गाडीत का कोमेजतं? शेजारी बसलेल्या आजीचंही डोकं त्याच वेळी का जड होतं? गाडी उभी आहे, नुसतं इंजिन चालू आहे, तरी का गरगरतं? उभी गाडी कुणाला लागते?

अशा वेळी काचा खाली, गाडी कडेला, इंजिन बंद, सगळे बाहेर. आधी दवाखाना, मग गॅरेज.

आणखी एक. मोंढ्यात माल न्यायचा, पोती मावत नाहीत, म्हणून डिकी उघडीच दोरीनं बांधायची. चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि धूर उलटा आत ओढला जातो. त्यासाठी सायलेन्सर सडलेला असण्याचीही गरज नाही.

आता आवाजाकडे या. गाडी बोलत असते, आपण गाण्यांचा आवाज वाढवतो.

सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर पुढून टिकटिक येते आणि गाडी तापली की विरते? इंजिनातला धूर नळीत आणणाऱ्या मॅनिफोल्डचं पॅकिंग गेलं असण्याची शक्यता मोठी. टिकटिक विरली म्हणून दुखणं गेलं नाही. लोखंड तापून फुगलं आणि फट तेवढ्यापुरती बुजली.

खड्ड्यात खालून खडखड वाजतं? उष्णता अडवणारा पत्रा सुटला असेल, नाहीतर सायलेन्सर टांगायचं रबर तुटलं असेल. रबर किरकोळ पैशांत मिळतं. तेवढ्यासाठी अख्खा सायलेन्सर बदलायला लावणारा मेस्त्री बदला.

डब्यातून खुळखुळ्यासारखा आवाज आला, तर धुरातलं विष कमी करणाऱ्या कॅट कन्व्हर्टरच्या आतली जाळी फुटलेली असू शकते. तिचे तुकडे धुराची वाट अडवतात. पिकअप मरतो, ॲव्हरेज घसरतं, चढावर गाडी रडते. आणि शिव्या कुणाला? पेट्रोलपंपाला.

दिवसागणिक वाढणारी घरघर मात्र सरळ सांगते, भोक पडलं.

पडतं कसं? लिटरभर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. सकाळी नळीतून थेंब टपकतात ते त्याचेच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. घाबरावं ते घर ते मोंढा, मोंढा ते बँक, बँक ते घर एवढीच गाडी चालवणाऱ्यानं. सायलेन्सर पुरता तापतच नाही, पाणी डब्यात साचून राहतं आणि पत्रा आतून सडतो. बाहेरून आमची गोदाकाठची काळी माती असतेच. पावसाळ्यात बुडाला लिंपते आणि ओल सोडत नाही. ‘गाडी गावाबाहेर गेलीच नाही’ असं विकणारा कौतुकानं सांगतो. घेणाऱ्यानं नेमकं तिथंच खाली वाकून बघावं.

बघायचं काय? गाडी पूर्ण थंड झालेली हवी आणि रॅम्पवर हवी. नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणी खाली शिरू नये. जोडांवर काजळीचे काळे फराटे दिसले, तर गळती तिथंच. स्क्रू ड्रायव्हरनं पत्रा दाबून पाहा. वरचा गंज खरवडला आणि खाली घट्ट लोखंड लागलं, तर डबा अजून चालेल. टोक आत गेलं, तर चर्चा संपली.

तरी वाक्य येतंच. ‘वेल्डिंग मारून देतो ना!’

चांगल्या पत्र्यावरचा जोड सुटला असेल तर मारा, खुशाल मारा. त्याआधी बॅटरीची वायर काढायला सांगा, नाहीतर ईसीएमचा, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरचा खर्च निघायचा. पण सडक्या पत्र्यावर वेल्डिंग धरत नाही. भोक बुजतं, शेजारचा पत्रा फाटतो. दोनदा वेल्डिंग आणि तिसऱ्यांदा नवा डबा. तिन्ही वेळा खिसा तोच.

‘पण पीयूसी आहे ना?’

आहे. बीएस-४ आणि बीएस-६ गाडीला ते वर्षभर चालतं. नसेल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात दंड दहा हजार रुपयांपर्यंत आहे, म्हणून काढतातही बरेच जण. पण तपासणीची नळी मागच्या टोकात जाते. मधल्या भोकाबद्दल तो कागद अवाक्षर काढत नाही. उलट त्या भोकातून बाहेरची हवा आत शिरली, तर आकडा आणखी चांगला दिसू शकतो.

फटाके फोडणाऱ्या बुलेटचे सायलेन्सर पोलीस रोड रोलरखाली घालतात. फोटो छापून येतात. योग्यच आहे. शाळेच्या व्हॅनखाली वाकून कोण बघतं?

त्या व्हॅनमध्ये दाटीवाटीनं लेकरं बसतात आणि थंडीत काचा बंद असतात. दर सहा महिन्यांनी ती रॅम्पवर चढवून खालून बघायला किती वेळ लागतो? पालकांनी भाड्याइतकंच हेही विचारायला हवं.

शेवटी एक सल्ला गॅरेजमध्ये हमखास मिळतो. ‘कॅट काढून सरळ पाइप टाकू, पिकअप बघा.’ बघू नका. धुरातलं विष कमी करणारा गाडीतला मुख्य भाग तोच. तो काढणं बेकायदा आहे आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागतो तो वेगळाच. शिवाय त्या डब्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे मौल्यवान धातू असतात. महाराष्ट्रात आणि गुजरातेत ईको गाड्यांचे सायलेन्सर चोरणाऱ्या टोळ्या पकडल्या गेल्या, त्या याच धातूंच्या मागे होत्या. तेव्हा कॅट खरंच गेला असेल, तर नवा बसवा आणि जुना मागून घ्या. लोखंडाच्या भावानं देऊ नका, दोन ठिकाणी विचारा.