जुनी जावा विकू इच्छिणाऱ्यांस काही सूचना

ज्या गृहस्थाच्या जिन्याखाली, गोणपाटाच्या आवरणात, आजोबांची जावा मोटरसायकल गेली पंचवीस वर्षे समाधिस्थ आहे, त्याने आपल्या हातून झालेल्या हेळसांडीबद्दल यत्किंचितही खंत बाळगू नये. कारण जुन्या वाहनांच्या बाजारात या हेळसांडीलाच अस्सलपणा असे भारदस्त नाव असून तिचा मोबदला रोखीने मिळतो. उलटपक्षी, ज्या हौशी इसमाने पदरमोड करून फाटकी सीट बदलली आणि मूळ कार्ब्युरेटर भंगारात घातला, त्याला आपल्या उद्योगशीलतेचे प्रायश्चित्त किमतीत भोगावे लागते. प्रस्तुत लेखकाने ऐन उमेदीत टाकीच्या क्रोमवर निळा रंग चढवून घेतला होता. आता तो उतरवण्याची मजुरी गिऱ्हाईक किमतीतून वजा करते. सबब, विक्रीचा विचार मनात येताच प्रथम करावयाची गोष्ट म्हणजे काहीही न करणे.

मूल्यनिर्धारणाचा आरंभ कुलशीलापासून करावा. जावा या नावाचा त्या नावाच्या बेटाशी संबंध नाही. १९२९ साली प्राग येथे यानेचेक नामक कारखानदाराने वांडरर कंपनीकडून मोटरसायकलीचे काम घेतले, तेव्हा उभय नावांची आद्याक्षरे जोडून ते सिद्ध झाले. १९६१ पासून ही गाडी म्हैसुरास तयार होऊ लागली, पुढे तिचे नामांतर येझदी असे झाले, आणि १९९६ साली तो कारखाना बंद पडला. सिलिंडर एक असून सायलेन्सर दोन, हा थाट दोघींचाही. तथापि टाकीवर ‘जावा’ अशी अक्षरे असलेल्या थोरलीचा मान अधिक, व भावही.

यानंतरचा विषय दप्तराचा. चेसिसवर व इंजिनावर ठोकलेले आकडे आर. सी. बुकातील आकड्यांशी जुळले तर ती मोटरसायकल, न जुळले तर वजनावर विकावयाचे लोखंड, इतका हा भेद स्वच्छ आहे. बुकावर कैलासवासी आजोबांचेच नाव असेल तर वारसाहक्काने नाव चढवण्यासाठी फॉर्म ३१ भरावा लागतो; आणि येथेच या व्यवहारातील सर्वांत बिकट घाट लागतो. जे आप्त आजवर ‘ती अडगळ एकदाची काढा’ असा तगादा लावीत होते, त्यांच्या कानी गाडीच्या किमतीची कुणकुण पडताच, आजोबांनी आपल्याला टाकीवर बसवून पर्वतीपर्यंत नेले होते, आणि तेव्हाच ‘ही तुझीच’ असे शब्द उच्चारले होते, अशी स्मृती एकाच वेळी तीन चुलतभावांना होते. म्हणून ज्ञात्याने संमतिपत्रांवरील सह्या आधी घ्याव्यात आणि भाव मागाहून काढावा.

गाडीस पन्नास वर्षे पूर्ण झाली असल्यास, २०२१ च्या नियमान्वये, २०,००० रुपये शुल्क भरून तिची ‘व्हीए’ मालिकेत नोंदणी करता येते. अशी गाडी प्रदर्शनास व जुन्या गाड्यांच्या रॅलीस नेता येते, दुरुस्तीस व पेट्रोलसाठीही नेता येते. मात्र तिच्यावरून रोज मंडईत जाऊन कोथिंबीर आणणे हे त्या प्रतिष्ठेशी विसंगत मानलेले आहे.

गिऱ्हाईक पाहावयास आले की त्यास चहा द्यावा, पण किक कोठे आहे हे सांगू नये. या गाडीची किक आणि गिअर मिळून दांडा एकच, आणि तोही डाव्या बाजूस. जो इसम उजवीकडे वाकून किक शोधू लागेल तो नुसता पैसेवाला समजावा, व त्यास किंमत चढवून सांगावी; जो न विचारता डावा दांडा आत दाबून, मागे फिरवून उभा करील, त्याच्याशी घासाघीस करण्यात अर्थ नाही, कारण गाडीची सर्व व्यंगे त्याला फाटकातूनच दिसलेली असतात.

रक्कम खात्यात जमा झाल्याची खात्री करूनच किल्ली द्यावी. फॉर्म २९ दोन प्रतींत भरून चौदा दिवसांच्या आत आर. टी. ओ. कचेरीत द्यावा; कारण तेथे नाव बदलेपर्यंत गाडीने कोठे आगळीक केली, तर हवालदार आपल्याच जिन्यापाशी येऊन उभा राहतो.