बेगमी

पावसाने जरा उघडीप दिली की भाईंदर पश्चिमेला घरोघरी कुणी ना कुणी तापाने अंथरूण धरतं. किवीचा भाव चढतो, शहाळी दुपारीच संपतात, औषधाच्या दुकानात ‘इम्युनिटीचं काहीतरी द्या’ सुरू होतं. आणि त्याच घरात आजारी माणसाच्या पुढ्यात तीन-तीन दिवस साबुदाण्याची पेज आणि चहा-बिस्किट. पथ्य म्हणून.

हे पथ्य नाही, उपासमार आहे.

अंगात एक अंश सेल्सिअस ताप वाढला की शरीराचा ऊर्जेचा खर्च साधारण १० टक्क्यांनी वाढतो. विषाणूशी लढणारी प्रतिपिंडं बनतात प्रथिनांची. ताटातून प्रथिनं आली नाहीत की शरीर स्वतःचे स्नायू मोडून ती काढतं. ताप उतरल्यावर जिना चढताना पाय लटपटतात, त्याचं एक कारण हे. पेज द्याच, पण मुगाच्या डाळीची. सोबत दही, अंडं, मऊ वरणभात. थोडं थोडं, दिवसातून पाच वेळा. डेंग्यूत पाणी भरपूर आणि डॉक्टरांची नजर महत्त्वाची. किवीने प्लेटलेट वाढतात याला भक्कम पुरावा नाही. ‘क’ जीवनसत्त्वच हवं असेल तर पेरूत ते किवीच्या दुपटीहून जास्त असतं. सर्दी झाल्यावर त्याच्या गोळ्या सुरू करून ठोस फायदा दिसलेला नाही. शरीर जादा ‘क’ साठवत नाही, लघवीवाटे टाकून देतं.

साठवण कशी करायची ते आपल्याच उत्तनला जाऊन बघा. उन्हाळाभर तिथे बांबूंवर बोंबील वाळतात. जूनमध्ये होड्या किनाऱ्याला लागण्याआधी कोळणींच्या घरात सुकटीचे डबे भरलेले असतात. वाळलेल्या बोंबलाच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ६० ग्रॅम प्रथिनं! (रक्तदाब असलेल्यांनी मीठ सांभाळावं.) मासे न खाणाऱ्यांसाठी मूग, चणे, शेंगदाणे, पनीर आहेतच. प्रतिकारशक्ती हीसुद्धा अशीच बेगमी आहे. ताप आल्यावर ती विकत मिळत नाही.

बेगमी नसली की काय होतं, ते २०२२च्या अखेरीस गोवंडीत दिसलं. गोवराने लहान मुलं दगावली. लस न मिळालेली मुलं त्यात बरीच होती, आणि लशीची जागा कुठलंही अन्न घेऊ शकत नाही. पण कुपोषित मुलाला गोवर जास्त छळतो, हेही तितकंच खरं. ‘अ’ जीवनसत्त्व यकृतात साठतं आणि गोवर तो साठा उपसतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना गोवराच्या मुलाला लागोपाठ दोन दिवस ‘अ’ जीवनसत्त्वाचे मोठे डोस द्यायला सांगते. रिकामं कोठार घाईघाईने भरण्याचाच हा प्रकार.

आणि महाराष्ट्राची कोठारं किती रिकामी आहेत? २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आढळली. १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय. यांना बूस्टरची पुडी नको, जेवण हवं.

नोव्हेंबर २०२३मध्ये सरकारने शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं सुरू केलं. न खाणाऱ्यांना केळं. जानेवारी २०२५मध्ये अंड्याचा निधी थांबवला आणि शाळांना सांगितलं, लोकवर्गणीतून द्या. ज्या वस्तीतल्या मुलाला अंड्याची सर्वांत जास्त गरज, त्या वस्तीत वर्गणी कोण देणार?

हा निर्णय चुकीचा आहे. आठवड्याला एक अंडं म्हणजे सहा ग्रॅम प्रथिनं. तेवढीही बेगमी आपण मुलांच्या ताटातून काढून घेतली. पावसाळ्याआधी डबे भरायचे असतात, हे उत्तनच्या प्रत्येक घराला कळतं. मंत्रालयाने ते अंडं परत द्यावं, पुढचा पाऊस पडायच्या आत.