सोळावं मिनिट

एडिसन, न्यू जर्सी

ती. आईस साष्टांग नमस्कार,

पार्सल पोचलं. कुळथाची पिशवी फुटलीच, पण बाबांच्या जुन्या बनियनमध्ये गुंडाळली होतीस म्हणून पीठ वाचलं. कुकरच्या दोन शिट्ट्या व्हायच्यात, तेवढ्यात लिहून घेते.

आधी तुझी काळजी मिटवते. ओमच्या डोक्याला काहीही झालेलं नाही. वहिनीने दादाला सांगितलं, दादाने तुला, तेव्हा ‘चाचणी’चं ‘ऑपरेशन’ झालं नाही हेच नशीब. वर्गात खिडकीबाहेर बघत बसतो अशी बाईंची चिठ्ठी आली, म्हणून डॉक्टरांनी लक्ष तपासून घ्या म्हटलं, एवढंच. एका चाचणीत कॉम्प्युटरवर एकेक अक्षर येतं. प्रत्येक अक्षराला कळ दाबायची, फक्त एक्स आला की हात आवरायचा. चौदा मिनिटं, 360 अक्षरं. ओम म्हणाला, “आई, हा गेम भंगार आहे, कुणी मरतच नाही.” मग एका मदतनीस मुलीने ठोकळे लावून घेतले, आकडे उलटे म्हणवून घेतले.

त्या अक्षरांच्या चाचणीला सीपीटी म्हणतात. आणि बिलात जे पाच आकडी कोड असतात त्यांनाही सीपीटीच! ते अमेरिकन मेडिकल असोसिएशन ठरवते. एक सीपीटी पोराचं लक्ष तपासते, दुसरी आईबापाचं.

आधी विमा कंपनीचा कागद आला, ठळक अक्षरात ‘हे बिल नाही’. मी भोळी, फ्रिजवर लावून ठेवला. तीन आठवड्यांनी आलं ते बिल होतं. फोन केला, तर तिथली बाई फार गोड. म्हणाली, 96138 म्हणजे मदतनिसाचा पहिला अर्धा तास, 96139 म्हणजे पुढचा प्रत्येक अर्धा तास. मुलगी बसली दोन तास वीस मिनिटं, लागले पाच अर्धे तास. का? तर सोळावं मिनिट लागलं की अर्धा तास पुरा धरायचा. तासाचं तसंच, एकतिसाव्या मिनिटाला तास भरतो. पंधरा मिनिटांत उरकलं तर तो अर्धा तास धरत नाहीत म्हणे. पण मग सोळावं मिनिट कोण चुकवेल? आपला गणपत दुधात पाणी घालायचा, इथे मापातच घातलंय.

मानसशास्त्रज्ञ बाईंचे 96130 आणि 96131 वेगळेच. आमच्याशी बोलल्या चाळीस मिनिटं. बाकीचा वेळ निकाल लावून बघणं, विचार आणि अहवाल. सगळे मिळून साडेतीन तास पाच मिनिटं, म्हणजे चार तास. विचाराचे असे तासावर पैसे मिळतात हे बाबांना सांग. झोपाळ्यावर चाळीस वर्षं फुकट घालवली त्यांनी.

“नुसत्या कॉम्प्युटरनेच चाचणी घेतली असती तर?” मी विचारलं. त्याला 96146. एकच चाचणी, निकालही यंत्राचाच, आणि पैसे किरकोळ. 2019 पासून आलाय. थोडक्यात, यंत्र स्वस्त, माणूस महाग.

मागितले 2,860 डॉलर. कंपनीने घासाघीस करून 1,640 वर आणले आणि स्वतः दिले शून्य, कारण आमच्या पॉलिसीत पहिले तीन हजार वर्षाला आमचेच. भाव पाडायचा आणि पैसे दुसऱ्याला द्यायला लावायचे, हे मंडईत तू रोज करतेस, त्याला विमा म्हणतात हे माहीत नव्हतं.

अहवाल अकरा पानी. सार काय, तर बुद्धी छान, लक्ष विचलित होतं, खिडकीपासून लांब बसवा. दामले गुरुजींनी दादाबद्दल चौथीत हेच सांगितलं होतं, एका वाक्यात, आणि घेऊन गेले एक फणस.

रात्री ओमला विचारलं, खिडकीतून बघतोस तरी काय? म्हणाला, “काहीच नाही. पार्किंग आहे. आजीच्या खिडकीतून वानरं दिसतात.” यावर कोणता कोड लागतो कोण जाणे. मी भांडी पुसायला उठले.

बरं, सुमीने त्या चिपळूणच्या मुलाला नकार दिला ते बरं केलं. हुंडा नको म्हणणारा माणूस पहिल्या भेटीत फ्लॅटचं क्षेत्रफळ विचारतो? विमलमावशींचा गुडघा कसा आहे? आणि कुंपणावरून शेजाऱ्यांशी पुन्हा बोलणं सुरू झालं का? फणस कलला त्यांच्याकडे, त्यात त्यांची चूक काय?

बनियन अजून धुतलं नाही. कुळीथ, पेटीतली डांबराची गोळी आणि तुमची माडी, सगळ्यांचा एकत्र वास येतोय. राहू दे थोडे दिवस.

तुझी,
वसू

ता. क. आकडा विमलमावशींना सांगू नकोस. त्या रुपयांत करून बघतील आणि गुडघा विसरतील.