आता लॅबवाला मीच

रोलच्या जमान्यात फोटो बिघडला की शिव्या घालायला हक्काचा माणूस होता, लॅबवाला. छत्तीस फोटोंचा रोल धुवायला टाकायचा, ‘मॅट की ग्लॉसी?’ एवढ्याच प्रश्नाचं उत्तर द्यायचं आणि घरी यायचं. आकाश किती निळं, मावशी किती गोरी, हे त्यानं ठरवायचं. रोल दिवसाच्या उजेडासाठी बनवलेला आणि आपण तो कार्यालयातल्या पिवळ्या बल्बखाली संपवायचो. मग मुंज असो की बारसं, अख्ख्या घराण्याला हळद लागलेली. ‘मेल्यानं वाट लावली फोटोंची,’ म्हटलं की आपण मोकळे.

डिजिटल कॅमेरा घेतला आणि त्याच्या खुर्चीत मी जाऊन बसलो. मुंजीची हळद आता एक पट्टी ३२०० केल्विनच्या आसपास सरकवली की उतरते. पण ती पट्टी कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये सरकवायची, यावर घरात दोन तट.

भाचा फोटोशॉपवाला. ‘मामा, तू आधी रॉमध्ये काढायला लाग,’ हा त्याचा पहिला उपदेश. रॉ म्हणजे सेन्सरनं टिपलेला उजेड, कॅमेऱ्यानं त्यावर पावडर-कुंकू करण्याआधीचा. भाच्याचाच एक फोटो रॉमध्ये काढून मी मोठ्या ऐटीत उघडला. बायको मागून म्हणाली, ‘अगंबाई, याला बरं नाही का?’

फोटोशॉप आलं १९९० साली. २०१३ मध्ये कंपनीनं जाहीर केलं, यापुढच्या आवृत्त्या विकत नाही, वर्गणी भरा आणि वापरा. आता मी पडलो पुण्याचा. आमच्या घराण्यानं वाड्यातल्या दोन खोल्यांत जुन्या भाड्यावर तीन पिढ्या काढल्या आणि मालकाला शेवटपर्यंत नळ दुरुस्त करायला लावला. दरमहा बिनबोभाट भाडं भरायचं, हे आमच्या रक्तातच नाही.

दुसऱ्या तटात माझा एक मित्र. तो गिंपचा. गिंप फुकट, आणि फुकट वस्तूचा प्रचार माणूस विकतच्या वस्तूपेक्षा जास्त पोटतिडकीनं करतो, असं माझं निरीक्षण आहे. जुन्या गिंपमध्ये हत्यारांची एक खिडकी, थरांची दुसरी, फोटोची तिसरी. स्वतःचा फोटो शोधायला दोन खिडक्या बाजूला सारायच्या. एकाच खिडकीत सगळं मांडायची सोय २०१२ साली झाली. मित्र हे अशा थाटात सांगतो, जणू पानशेतच्या पुरानंतर पुण्यात नळाला पाणी आलं.

फोटोशॉपच्या पेटीत काडीवर गोल चकती असं एक चित्र आहे. भाच्याला ते लॉलीपॉप वाटायचं. ते डॉज. डार्करूममध्ये एन्लार्जरच्या दिव्याखाली तारेला लावलेली पुठ्ठ्याची चकती हलवत धरायची, म्हणजे चेहऱ्यावर उजेड कमी पडतो आणि प्रिंटमध्ये चेहरा उजळतो. हे मी रंगवून सांगितलं. भाच्यानं विचारलं, ‘आणि अनडू?’

‘नवा कागद.’

बराच वेळ तो काही बोलला नाही.

मग आमची आत्या आली. तिच्या तोंडावर देवीचे व्रण आहेत. स्थळांकडे पाठवायच्या फोटोत मात्र ते नव्हते. स्टुडिओवाल्यानं निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीनं एकेक खड्डा भरून काढला होता. ‘तुमच्या आतोबांनी फोटो पाहून होकार दिला,’ आत्या सांगते, ‘आणि बोहल्यावर अंतरपाट दूर झाल्यावर दोन मिनिटं माझ्याकडे नुसते बघत राहिले.’ त्या पेन्सिलीपुढे भाच्याची सगळी सॉफ्टवेअरं मला पोरकट वाटतात.

तरी भाच्यानं तिचा नवा फोटो उघडून एका फटक्यात गाल गुळगुळीत केले. आत्या चष्मा सावरत म्हणाली, ‘ते व्रण परत आण बघू. आता कुठलं स्थळ यायचंय?’ भाच्यानं निमूटपणे आणले. मग तिनं मला जवळ बोलावलं. ‘ही खालची दुसरी हनुवटी तेवढी जाते का रे?’

गिंपमध्ये वॉर्प नावाचं हत्यार आहे. हनुवटी गेली, तीही फुकटात. भाडं वाचलं.