आजीवन परवानाधारक

माणसं दारू पिऊन बिघडतात, असं आमची आजी म्हणायची. आमचे साडूभाऊ मात्र वाइन हुंगून बिघडले. दोन वर्षांपूर्वी नाशिकला गेले, गंगापूर धरणाजवळच्या एका वायनरीत तिकीट काढून तासभर हिंडले, चार-पाच पेल्यांतून घोट घोट चाखलं आणि परत आले ते थेट अधिकारी होऊन. तेव्हापासून हातात काहीही द्या, आधी फिरवतात, मग हुंगतात, मग पितात. पन्हं, कोकम सरबत. एकदा तर सर्दीचा काढासुद्धा.

त्यांच्या पाकिटात पॅनकार्डाला चिकटून मद्यसेवनाचा आजीवन परवाना असतो. महाराष्ट्रात प्यायला परवाना लागतो, ही १९४९च्या दारूबंदी कायद्यातली गंमत आपण ऐकून असतो. पण सरकारदरबारी १००० रुपये भरून तो काढणारा आणि वर लॅमिनेट करून बाळगणारा माणूस मी हा एकच पाहिला.

परवा शनिवारी ते मला कोरेगाव पार्कातल्या एका बारमध्ये घेऊन गेले. एकाच छपराखाली डावीकडे वाइन, उजवीकडे कॉकटेल. उजेड इतका बेताचा, की प्रत्येक टेबलावर मेनूवर मोबाइलची बॅटरी मारणं चाललेलं.

साडूभाऊंनी नाशिकची शेनिन ब्लांक मागवली. वेटरनं तळाशी जेमतेम घोटभर ओतली आणि तो थांबला.

"हे कशाला ओततात माहितेय का, राव? आवडली का विचारायला नव्हे. बाटली नासलेली नाही ना, ते बघायला."

हे खरं आहे. साडूभाऊंचं हेच तर अवघड आहे, ते थापा मारत नाहीत. पेला दांडीला धरला, कारण पोटाला धरला तर हाताच्या उबेनं वाइन तापते. हेही खरं. मग तीन गिरक्या दिल्या, नाक पार आत घातलं आणि त्यांच्या भुवया एकमेकींना भेटल्या.

"गेली ही. दमट पुठ्ठ्याचा वास येतोय. बुचात बुरशी धरली की असंच होतं. परत न्या."

हेही पुस्तकात असंच दिलेलं असतं. विशीतला तो वेटर काही बोलला नाही. त्यानं फक्त बाटलीचं झाकण आमच्यासमोर ठेवलं. पत्र्याचं, आट्यांचं, खोकल्याच्या औषधाला असतं तसं. बाटलीला बूच नव्हतंच.

साडूभाऊंनी झाकण उचललं, उजेडात धरलं, हुंगलं आणि सन्मानानं खाली ठेवलं.

"तेच म्हणतोय मी. बूच असतं तर नासली असती. ओता."

वास मात्र खरा होता. पाण्याचा ग्लास ज्यावर ठेवला होता, तो पुठ्ठ्याचा गोल भिजून लगदा झाला होता. साडूभाऊंचं नाक कधी चुकत नाही, फक्त भलत्या दाराशी जाऊन उभं राहतं.

मग आम्ही उजव्या बाजूला सरकलो. "जिन, कँपारी आणि गोड व्हर्मुथ, तिन्ही सारख्या मापानं," असं त्यांनी निग्रोनी बनवणाऱ्यालाच समजावून सांगितलं. त्या गृहस्थानं "हो सर" म्हणत ती तशीच बनवली, कारण ती तशीच बनवतात. बुटका ग्लास, आत बर्फाचा भला मोठा ठोकळा, वर संत्र्याच्या सालीची चकती.

निग्रोनी बनवतानाच बर्फात ढवळून झालेली असते, मग फिरवायला काही उरत नाही. पण सवय ती सवय. ग्लासला दांडी नव्हती म्हणून साडूभाऊंनी तो पाच बोटांत धरला आणि मनगटाला झोका दिला. ठोकळा उसळला. लालभडक निग्रोनी माझ्या पांढऱ्या शर्टावर, बरोबर खिशाच्या खाली.

मी रुमाल शोधत होतो. साडूभाऊ मोबाइलची बॅटरी डागावर धरून वाकले होते.

"रंग बघा राव, काय उतरलाय!"

लाँड्रीवाल्यानं हात टेकले आहेत. येत्या रविवारी साडूभाऊंकडे सत्यनारायण आहे आणि जेवणात मठ्ठा आहे. मी पुन्हा पांढराच शर्ट घालून जाणार आहे.